मन भरकटतंय का विचारणारं ॲप: बीप भारी, स्कोअर फालतू

सध्या एक ॲप वापरतोय, नाव मुद्दाम देत नाही कारण या प्रकारातली बरीचशी थोड्याफार फरकाने अशीच असतात. तीन गोष्टी आहेत त्यात: बीप, आकड्यांचा गेम आणि मेमरी ट्रेनिंग. पैसे मागतात ते तिसऱ्याचे, आणि नेमकं तेच सगळ्यात बेकार.

आधी बीप. फोन मधेच वाजतो आणि विचारतो, आत्ता काय करत होतात, मन तिथंच होतं का, बरं वाटतंय का. बास एवढंच. वाटतो पोरखेळ, पण रसेल हर्लबर्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ 1970 च्या दशकापासून लोकांना बीपर देऊन डोक्यात काय चाललंय ते टिपून घेतायत, आणि 2010 मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी आयफोनवरून 2250 जणांना असंच विचारलं तर 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. त्यातली मला आवडलेली गंमत म्हणजे मन छान छान विचारांत रमलं होतं तरी लोक कामात असताना होते त्यापेक्षा जास्त खूश नव्हते! आणि बीप लागतोच, कारण वाचताना डोळे ओळींवरून फिरत राहतात, मन कधीच निघून गेलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. फक्त उत्तर लगेच द्या, बीपच्या आधीच्या क्षणाचं. पाच मिनिटांनी भराल तर ती आठवण नाही, अंदाज होतो. अजून एक, या ॲपमध्ये बीप आधीपासून ठरलेल्या वेळांवर सेट असतात, म्हणजे वेळ जवळ आली की माणूस आपोआप सावध होतो आणि सगळ्या खटाटोपावर पाणी, सेटिंगमध्ये जाऊन रँडम करून घ्या.

गेम म्हणजे 1 ते 9 आकडे येत राहतात, प्रत्येकाला टॅप करायचं, फक्त 3 आला की करायचं नाही. हा 1997 चा टेस्ट आहे, मेंदूला इजा झालेल्या पेशंटचं लक्ष किती टिकतं ते बघायला केलेला, मूळ टेस्टमध्ये 225 आकडे आणि त्यात 25 वेळा 3, जेमतेम साडेचार मिनिटांचा. कंटाळवाणा आहे, असायलाच हवा, कंटाळा आला की हात आपोआप चालतो आणि 3 वर चुकतो. पण मुद्दाम हळू टॅप केलं की चुका कमी होतात, आणि ॲप त्यावरून 'तुमच्या लक्षाचं वय' काढून देतं. काहीही.

मेमरी ट्रेनिंगला तर पैसे घालूच नका. चौकोन कुठल्या क्रमाने चमकले ते लक्षात ठेवायचं, आणि त्यात तुम्ही तरबेज होता ते फक्त चौकोन लक्षात ठेवण्यात. असे गेम खेळून एकूणच डोकं तल्लख होतं, अशा दाव्यांवरून 2016 मध्ये अमेरिकेत ल्युमॉसिटी या ब्रेन ट्रेनिंग ॲपवाल्यांना 20 लाख डॉलर भरावे लागले होते. खरंच काही लक्षात ठेवायचं असेल तर रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग बघा, पाच मिनिटांनी विचारलं तर धडा परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून बघणारे. त्याला कोरा कागद पुरतो, सबस्क्रिप्शन कशाला.

आणि तो साप्ताहिक रिपोर्ट! मन भरकटलं की लाल रंग, जणू काही गुन्हाच. अरे त्यातला कितीतरी वेळ माणूस पुढचं प्लॅनिंग करत असतो. रिपोर्ट बंद करता येतो, मी केलाय.

फ्री व्हर्जनला साडेतीन स्टार, पेडला एक.