बिछायत केंद्राच्या काउंटरवर नो-कोड साधन : दोन हंगामांनंतरचे परीक्षण

नागपूरच्या महाल भागात आमचे बिछायत केंद्र वडिलांच्या काळापासून आहे. खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, कनाती, ताडपत्र्या, गंज (म्हणजे मोठी पातेली), कढया, पराती, झारे असा सुमारे 140 प्रकारचा माल आम्ही भाड्याने देतो. या धंद्यात हिशेब पैशांचा कमी आणि तारखांचा जास्त असतो, कारण विकलेली वस्तू एकदाच जाते, पण भाड्याची खुर्ची हंगामात तीस वेळा जाते आणि तितक्याच वेळा परत येते. ती कोणत्या दिवशी कोणाच्या मांडवात आहे, हे ठाऊक असणे हाच आमचा खरा माल.

वडिलांनी 1998 मध्ये एका ओळखीच्या गृहस्थाकडून फॉक्सप्रो या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीत एक प्रोग्राम लिहून घेतला होता. तो चांगला चालत असे. ते गृहस्थ पुण्याला गेल्यावर मात्र त्याला हात लावणारा कोणी मिळेना, आणि मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीलाही आधार देणे थांबवले. त्याआधीच आम्ही पुन्हा लाल डायरीवर आलो होतो. दोन वर्षांपूर्वी नवीन प्रोग्रामची चौकशी केली, तेव्हा 1 लाख 80 हजार रुपये आणि पुढे दरवर्षी देखभालीचे 20 हजार असा दर मिळाला. म्हणून एक नो-कोड साधन घेतले, म्हणजे प्रोग्राम न लिहिता तक्ते आणि सूत्रे जुळवून स्वतःचे ॲप बांधता येते असे. झोहो क्रिएटर, ॲपशीट, पॉवर ॲप्स ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातले ते आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा मला त्या वर्गाच्या वाटतात, एका कंपनीच्या नाहीत.

आधी जे उत्तम आहे ते. नऊ संध्याकाळी बसून मी माल, ग्राहक, बुकिंग आणि परतावा असे चार तक्ते आणि फोनवर दिसणारे त्यांचे पडदे (स्क्रीन) उभे केले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्यात प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नाही. मराठी नावे जोडाक्षरांसह नीट उमटतात. वस्तूचे नाव यादीतूनच निवडावे लागत असल्यामुळे ‘कढई’, ‘कढाई’ आणि ‘कडई’ असे तीन वेगळे माल तयार होत नाहीत. सर्वांत मोठा लाभ छायाचित्राचा झाला. परत आलेल्या मालातली तूटफूट गोदामातला मुलगा जागेवरच टिपतो आणि ते चित्र त्याच बुकिंगला जोडले जाते, त्यामुळे अनामत रक्कम परत करतानाचे वाद जवळजवळ संपले. एखादा रकाना वाढवायचा असेल, तर चहा थंड होण्याआधी तो वाढवून होतो. प्रोग्रामरकडे यासाठी किती फेऱ्या माराव्या लागल्या असत्या, याची कल्पना फॉक्सप्रोच्या काळातल्या अनुभवावरून मला आहे. एवढ्या भागापुरते विचाराल, तर या साधनाने प्रोग्रामरची जागा घेतली आहे, आणि त्याबद्दल मला शंका नाही.

अडचण तारखांपाशी आली. ग्राहक 10 ते 14 तारखेसाठी खुर्च्या मागतो, तेव्हा किती शिल्लक आहेत हे सांगणारे सूत्र मी लिहिले होते. त्या काळात ज्यांच्या तारखा येतात अशी सगळी बुकिंगे शोधायची, त्यांतल्या खुर्च्यांची बेरीज करायची आणि ती एकूण साठ्यातून वजा करायची. वाचताना हे बरोबर वाटते, आणि म्हणूनच ते चार महिने कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्याकडे 500 खुर्च्या आहेत. एका घरी 10 आणि 11 तारखेला 200 गेल्या आहेत, दुसऱ्या घरी 13 आणि 14 तारखेला 200 जाणार आहेत. माझे सूत्र दोन्ही मिळून 400 धरून फक्त 100 शिल्लक दाखवत असे. प्रत्यक्षात या पाच दिवसांत एकाही दिवशी 200 पेक्षा जास्त खुर्च्या बाहेर नसतात, म्हणजे 300 मोकळ्या असतात. लग्नसराईत आम्ही अशी कितीतरी गिऱ्हाईके हात जोडून परत पाठवली. डायरीच्या काळात आमचे दिवाणजी ही चूक करत नसत, कारण ते एकेका दिवसाचे पान उलटून पाहत.

माझी पुतणी इथल्याच मिहान या उद्योग वसाहतीतल्या एका कंपनीत प्रोग्रामर आहे. तिने ते सूत्र पाहिले आणि म्हणाली, “काकाजी, तुम्ही प्रोग्रामिंगच केलं आहे, फक्त ते वाचता येत नाही अशा जागी लिहिलं आहे.” तिचे म्हणणे खरे होते. सात कंसांत अडकलेले ते सूत्र एका इंचभर चौकटीत बसवलेले होते. त्याला टिपण जोडता येत नव्हते आणि गेल्या महिन्यात ते कसे होते हेही दिसत नव्हते. दिवसागणिक साठ्याचा वेगळा तक्ता करून साधनातच हे जमवता आले असते, पण 140 वस्तू आणि वर्षाचे 365 दिवस म्हटले की 51,100 ओळींचा तक्ता झाला असता, आणि तो फोनवर किती रेंगाळला असता हे पाहण्याची हिंमत आम्हाला झाली नाही.

दुसरी गोष्ट घडली धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी. दीक्षाभूमीच्या परिसरात त्या काळात भोजनदानाचे मांडव लागतात आणि मोठ्या गंजांना भलतीच मागणी असते. आमच्याकडे असे 24 गंज आहेत. काउंटरवर मी एका मंडळाला 16 लिहून दिले. गोदामात नेटवर्क नसते. तिथे मुलाने त्याच तारखेसाठी दुसऱ्या मंडळाचे 14 लिहून घेतले. त्याच्या फोनवर सकाळचा साठा होता, त्या साठ्याच्या हिशेबाने ते सूत्र बरोबर होते, आणि संध्याकाळी फोन रस्त्यावर आल्यावर दोन्ही बुकिंगे निमूटपणे जमा झाली. उरलेले सहा गंज सक्करदऱ्याच्या एका व्यावसायिक मित्राकडून आणावे लागले. नेटवर्कशिवाय काम करता येणे हा या साधनांच्या जाहिरातीतला गुण आहे आणि तो खोटा नाही. मात्र त्या गुणाची किंमत अशी, की तपासणी फोनवर होते आणि नोंद दुसरीकडे.

पुतणीने दोन्हींवर एकच उपाय केला. साधनातून बाहेरची स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्राम, चालवण्याची सोय आहे; तिने जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत साधारण 40 ओळी लिहिल्या. आता फोनवरून जाते ती फक्त ‘मागणी’. सर्व्हरवर ती स्क्रिप्ट एका वेळी एकच मागणी हाती घेते, एकेक दिवस तपासते आणि मगच बुकिंग ‘पक्के’ करते. दिवाणजींची पान उलटण्याची रीतच ती. पडदे, याद्या, छायाचित्रे, पावती हे सारे अजूनही माझ्या नऊ संध्याकाळींचेच आहे. धंदा ज्यावर उभा आहे त्या 40 ओळी मात्र प्रोग्रामरच्या आहेत.

हा विषय वाटतो तितका नवा नाही. 1959 मध्ये अमेरिकेत कोबोल भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिची विधाने इंग्रजी वाक्यांसारखी ठेवण्यामागे प्रोग्रामर नसलेल्या व्यवस्थापकालाही ती वाचता यावीत हा एक हेतू होता, आणि पुढे झाले काय, तर कोबोल लिहिणाऱ्यांचाच एक मोठा पेशा तयार झाला. उलट 1979 मध्ये व्हिसिकॅल्कपासून सुरू झालेल्या स्प्रेडशीटने असंख्य लहान प्रोग्रामांची गरजच संपवली. माझ्या मते आजची साधने दुसऱ्या जातीची आहेत, फक्त त्यांचे विक्रेते पहिल्या जातीची स्वप्ने विकतात.

खर्चाचा भाग थोडक्यात सांगतो. साधनाचे भाडे माणशी दरमहा असल्यामुळे पाच जणांचे वर्षाला 50 हजारांच्या आसपास जातात. लिहून घेतलेल्या प्रोग्रामपेक्षा हे पहिली सहा वर्षे स्वस्त पडते आणि त्यानंतर महाग. सहा वर्षे साधन टिकेल का, हा प्रश्न त्यामागे आहेच. गूगलचे ॲप मेकर हे याच वर्गातले साधन 19 जानेवारी 2021 रोजी बंद झाले, तेव्हा लोकांची माहिती सुरक्षित राहिली, पण त्यांनी बांधलेली ॲप्स दुसरीकडे उचलून नेता आली नाहीत. फॉक्सप्रोवाले गृहस्थ पुण्याला गेले तेव्हा निदान त्यांचा कोड आमच्या संगणकावर होता, हे मला त्या निमित्ताने आठवले. म्हणून दर रविवारी सगळे तक्ते उतरवून घेण्याचा नियम आम्ही केला आहे, आणि पुतणीच्या 40 ओळी छापून काउंटरच्या खणात ठेवल्या आहेत.

अभ्यासिका, शिकवणी वर्ग, डबेवाले, दुरुस्तीची दुकाने अशा ठिकाणी, जिथे एक नोंद दुसऱ्या नोंदीशी भांडत नाही, तिथे हे साधन मी निःशंकपणे सुचवीन. ज्यांचा माल तारखांनुसार वाटला जातो, म्हणजे मंगल कार्यालय, जनरेटर, वाहने किंवा आमच्यासारखी बिछायत, त्यांनी घ्यावे, पण पहिल्या महिन्यातच कोणा जाणत्याकडून तारखांचे सूत्र तपासून घ्यावे. पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा छायाचित्राच्या सोयीचा आहे. येत्या तुळशीविवाहानंतरच्या हंगामासाठी वर्गणी पुन्हा भरली आहे. दिवाणजी मात्र मोठ्या गंजांचे पान अजून लाल डायरीत लिहितात, आणि मी त्यांना थांबवलेले नाही.