धूम्रपानाचा जादा हप्ता भरून चौदा महिने: एका आरोग्य विम्याचा अनुभव

प्रस्ताव अर्जातील तंबाखूच्या रकान्यात मी ‘होय’ लिहिले आणि त्यापुढे ‘सतरा वर्षे, दिवसाला आठ ते दहा सिगारेटी’ अशी नोंद केली, तेव्हा विमा सल्लागाराने तो रकाना कोरा सोडण्याचे सुचवले होते. मी ते मानले नाही. कंपनीने मूळ हप्त्यावर 25 टक्के लोडिंग, म्हणजे वाढलेल्या जोखमीपोटी जादा हप्ता, लावले आणि मी ते कुरकुर न करता भरले, कारण माझ्या सवयीमुळे वाढलेल्या जोखमीचा भार कधीही धूम्रपान न केलेल्या विमाधारकांवर पडावा, हे मला तेव्हाही पटत नव्हते आणि आजही पटत नाही.

खरे लिहिल्याचा उपयोग पाचव्या महिन्यात झाला. न्यूमोनियामुळे चार दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी पूर्वेतिहासात माझे धूम्रपान स्पष्ट नोंदवले. दावा तपासताना हीच नोंद अर्जाशी ताडून पाहिली जाते. दोन्ही जुळत असल्यामुळे दावा विनाखळखळ मंजूर झाला. अर्जात ‘नाही’ असते, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून तो अडकला असता. जादा हप्ता टाळण्यासाठी खोटे लिहिणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की त्याची बचत दरवर्षी थोडी होते, आणि तिची किंमत मात्र नेमकी आजारपणात मोजावी लागते.

त्या आजारपणानंतर, सहाव्या महिन्यात, मी सिगारेट सोडली. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ आठवडे निकोटिनचा पॅच लावला, आणि पॉलिसीबद्दलची माझी खरी तक्रार इथून सुरू होते. आठव्या महिन्यात लोडिंगच्या फेरविचारासाठी अर्ज केला, तेव्हा कंपनीने लघवीतील कोटिनिनची चाचणी करवली. कोटिनिन हा शरीरात निकोटिनपासून तयार होणारा पदार्थ आहे; ते निकोटिन धुरातून आले की पॅचमधून, हे ही चाचणी सांगू शकत नाही. अहवाल अर्थातच पॉझिटिव्ह आला. तंबाखूत असणारा, पण पॅचमध्ये नसणारा ॲनाबेसिन हा घटक तपासला असता तर फरक कळला असता, परंतु कंपनीच्या नियमांत तशी तरतूदच नाही. बारा महिने कोणत्याही स्वरूपातील निकोटिन घेतलेले नसावे, ही त्यांची अट आहे, आणि हा काळ शेवटच्या पॅचपासून मोजला जातो. नूतनीकरण वर्षातून एकदाच होत असल्यामुळे, शेवटची सिगारेट विझवल्यानंतर माझा हप्ता कमी व्हायला पूर्ण दीड वर्ष जाणार आहे. ज्या उपचाराने सवय सुटते, त्याच उपचारामुळे सवलत लांबते, हे मला अन्यायाचे वाटते.

बारा महिन्यांची मुदत निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. सिगारेट सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला मात्र दहा वर्षे लागतात. अमेरिकेत 2010 च्या आरोग्य विमा कायद्याने तंबाखू वापरणाऱ्यांकडून 50 टक्क्यांपर्यंत जादा हप्ता घेण्यास मुभा दिली, पण त्यासाठी गेल्या सहा महिन्यांतील वापरच विचारात घेतला जातो. तिथल्या 2016 मधील एका अभ्यासात असे आढळले की या जादा हप्त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये विमा घेणाऱ्यांचे प्रमाण घटले, मात्र धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. हा निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो: लोडिंग भरत असताना पहिले पाच महिने मी ओढतच होतो, आणि सोडली ती रुग्णालयातील चार रात्रींमुळे.

धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे त्यांचा आयुष्यभराचा वैद्यकीय खर्च उलट कमीच होतो, असा युक्तिवाद जादा हप्त्याच्या विरोधात केला जातो. 1997 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडलेल्या हिशेबातून तसे दिसतेही. परंतु त्याच हिशेबात, एकाच वयाच्या दोन माणसांची तुलना केली तर धूम्रपान करणाऱ्याचा खर्च जास्त असतो, आणि आपली पॉलिसी एकेका वर्षाची असते. म्हणून जादा हप्ता घेणे मला न्याय्य वाटते. तो उतरवण्याची वाट इतकी लांब ठेवणे न्याय्य वाटत नाही.

बाराव्या महिन्यात मी त्याच लोडिंगसह नूतनीकरण केले, कारण दाव्याच्या वेळची सेवा चांगली होती आणि नव्या कंपनीकडेही मला धूम्रपानाचा इतिहास सांगावाच लागला असता. मात्र पॅच वापरणाऱ्यांसाठी ॲनाबेसिनची चाचणी मान्य करावी आणि मुदत शेवटच्या सिगारेटपासून मोजावी, अशी लेखी मागणी मी केली आहे. तिची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. तुम्ही सिगारेट सोडण्याच्या विचारात असाल आणि नवी पॉलिसी घेणार असाल, तर लोडिंग किती टक्के आहे याच्या आधी ते केव्हा आणि कोणत्या चाचणीवर काढले जाईल, हे लेखी विचारून घ्या.