सुभेदारांची पेन्शन आणि शुश्रूषा केंद्राचे बिल : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पक्षाघातानंतर साताऱ्याजवळच्या आमच्या गावात त्यांना उचलून बसवणारे कोणी उरले नाही, म्हणून आम्ही त्यांना पुण्यातील एका शुश्रूषा केंद्रात ठेवले. पेन्शनमध्ये सगळे भागेल, असे आम्ही भावंडांनी गृहीत धरले होते.

पेन्शनबद्दल तक्रार नाही. नानांचे मूळ निवृत्तिवेतन २८,००० रुपये आहे. ज्या महिन्यात ८० वर्षे पूर्ण होतात, त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. ८५ व्या वर्षी ती ३० आणि ९० व्या वर्षी ४० टक्के होते. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरून आमच्या हाती सुमारे ५३,००० रुपये येतात.

केंद्राने सांगितलेले शुल्क ३८,००० होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मात्र ‘सर्व सोयींसह’ या शब्दांत रात्रीची स्वतंत्र मदतनीस, फिजिओथेरपी, डायपर आणि अंडरपॅड बसत नव्हते, हे पहिले बिल हाती पडल्यावरच कळले. दिवसाला चार डायपर लागतात. केंद्राचा दर बाजारभावापेक्षा बराच चढा असल्याने आम्ही मेडिकलमधून खोकी आणून द्यायची परवानगी मागितली, आणि ती मिळायला तीन महिने गेले. गेल्या महिन्याचे बिल ६१,००० च्या घरात होते. वरची तूट आम्ही तिघे वाटून घेतो.

ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा आधार मोठा आहे, पण तो नेमका कशाला आहे हे आधी समजून घ्यावे. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधे पॉलिक्लिनिकमधून मिळतात. न्यूमोनियासाठी नाना रेफरलवर अकरा दिवस रुग्णालयात होते, तेव्हा एक रुपयाही भरावा लागला नाही. परंतु घास भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे हे उपचारांत मोडत नाही, आणि आमचा खरा खर्च तिथेच आहे. ‘कायम मदतनीस भत्ता मिळवून देतो’ असे सांगणारे एक गृहस्थ भेटले होते. तो भत्ता सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आलेल्यांसाठी आहे. निवृत्तीनंतरच्या पक्षाघाताला तो लागू नाही, हे नियम वाचल्यावर कळले. तोवर आम्ही तो हिशेबात धरूनही बसलो होतो.

हयातीचा दाखला आम्ही मोबाइलवर चेहरा दाखवून काढला, कारण नानांच्या बोटांचे ठसे आता उमटत नाहीत. ॲप पापण्या मिटायला सांगत होते आणि नाना फोटोसाठी सावधान बसल्यासारखे टक लावून बघत होते. चौथ्या खेपेला मदतनीस बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर हळूच फुंकर मारली, तेव्हा काम झाले.

ज्यांचा असाच विचार चालू आहे, त्यांनी केंद्राशी करार करताना आजच्या पेन्शनइतकाच पुढच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचाही आकडा मांडावा. ते शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. नानांची मूळ पेन्शन त्या पगाराच्या साधारण निम्मी आहे, म्हणजे आईच्या वाट्याला मूळ रक्कम साधारण १६,८०० येईल. ८० नंतरची वाढ तिलाही मिळते, पण तिच्या आधारवरील आणि पीपीओमधील (पेन्शन मंजुरीच्या आदेशातील) जन्मतारखा जुळत नाहीत. तिला आता ७६ वे चालू आहे. दुरुस्तीचा अर्ज आम्ही मागच्या आठवड्यात केला.