पोकर ट्रॅकरसाठी साटा एसएसडी की एनव्हीएमई?

मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क आहे. पोकरट्रॅकर ४ मध्ये (ऑनलाइन पोकरची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लाखो हात, म्हणजे खेळलेले डाव, साठलेत. रिपोर्ट लावला की चहा करून येतो. आता साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी, चिपवर साठवणारी डिस्क) घ्यावी की एनव्हीएमई (मदरबोर्डला थेट लागणारी, जास्त वेगवान एसएसडी), यावर अडलाय.

वेग: खोक्यावरचे आकडे सोडा. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीला अडते, एनव्हीएमई ३५०० च्या घरात किंवा पुढेही जाते, पण एकच मोठी फाइल सलग वाचताना. ट्रॅकरच्या पोटात पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर असतं. ते ८ केबीची पानं डेटाबेसमधून कुठून कुठून उचलतं. हार्ड डिस्कचं हेड (वाचणारा सरकता भाग) तिथेच दमतं. एसएसडीत हेडच नाही, त्यामुळे खरी उडी दोन्हींत मिळते. आपसातला फरक मोठ्या इम्पोर्टला (एकदम खूप डाव ट्रॅकरमध्ये भरताना) थोडा जाणवेल, तोही प्रोसेसर तगडा असला तर.

बसवणं: साटा अडीच इंची, हार्ड डिस्क काढून त्याच जागी बसते. एनव्हीएमईला एम.२ स्लॉट (मदरबोर्डवरची छोटी खाच) हवा, आणि काही एम.२ स्लॉट फक्त साटाच चालवतात. मॅन्युअल आधी बघ.

टिकाऊपणा: सॅमसंगच्या ८७० ईव्हो (साटा) आणि ९७० ईव्हो प्लस (एनव्हीएमई), दोन्हींच्या ५०० जीबी मॉडेलला एकूण ३०० टीबी डेटा लिहिण्याची हमी. इथे बरोबरी.

एम.२ स्लॉट नसेल तर साटाच, उरलेल्या पैशांत रॅम वाढव. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने, किंवा रोज ढीगभर हँड हिस्टरी (डावांच्या नोंदींच्या फाइल्स) ओतणाऱ्याने एनव्हीएमई घ्यावी.