'प्युअर सागवान, वॉटरप्रूफ': अडीच हजारांचा दांडा

वडोदऱ्यात कुणी तुम्हाला चकचकीत पॉलिश केलेला सागवानी दांडा 'समुद्राच्या पाण्यातही चालेल' म्हणून विकत असेल, तर खिशात हात घालण्याआधी त्याला म्हणा, पॉलिश राहू दे, कोरं लाकूड दाखव. बहुधा दाखवणार नाही. मला ज्याने गंडवलं त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण त्याची रीत लिहितो. तीच रीत फावड्याच्या दांड्यापासून झोपाळ्याच्या पाटापर्यंत कुठेही खपते.

आधी वस्तू काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. भरती ओसरली की आम्ही दोघं-तिघं मेटल डिटेक्टर घेऊन वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावर फिरतो. डिटेक्टर वाजला की भोकं पाडलेल्या स्टीलच्या स्कूपने ओली वाळू उपसायची. वाळू-पाणी गळून जातं आणि नाणं, अंगठी, बहुतेक वेळा बाटलीचं बूच मागे राहतं. (दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. बुचांवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.) ओली वाळू लिटरला साधारण दोन किलो भरते. त्यात स्कूप पायाने रोवून दांडा मागे रेटायचा. सगळा जोर येतो तो स्कूपच्या ज्या नळीत दांडा बसतो तिच्या तोंडाशी, नेमका जिथे बोल्टसाठी दांड्याला भोक पाडलेलं असतं तिथे. म्हणून दांडा कसाही चालत नाही.

तर हा गृहस्थ मराठी बोलणारा. "काका, आपल्या माणसाकडून जास्त कसे घेऊ?" इथूनच सुरुवात. शहरात आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे असं बोलणं आपल्याला गोड लागतं, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. त्याने हातात दिलेला नमुना अस्सल होता: रंधलेला, किंचित तेलकट लागणारा, सागवानाचा तो चामड्यासारखा वास असलेला तुकडा. वर संखेड्याचं नाव घेतलं, "तिथल्या कारागिराकडून कातवून आणतो." संखेड्याचं लाखकाम नामांकित, पण ते घरातल्या फर्निचरसाठी, आणि या माणसाचा त्या गावाशी काही संबंध असेल असं मला तरी वाटत नाही. पैसे आगाऊ यूपीआयने. बिल मागितलं तर, "कशाला काका, उगाच टॅक्स लागेल."

दांडा आला तेव्हा टोकापासून टोकापर्यंत तपकिरी, आरशासारखा, नळीत ठोकून बोल्ट आवळलेला. लाकूड कुठेच उघडं नाही, दोन्ही टोकांवरसुद्धा जाड थर. खरी गोम तिथे होती. टोकाचा छेद दिसला असता तर लाकूड ओळखता आलं असतं: सागवानात वर्षागणिक वलयं आणि त्यांच्या काठाने मोठ्या छिद्रांच्या ओळी डोळ्यांनी दिसतात.

खारं पाणी लागलं आणि दांड्यावर पांढरे चट्टे उठले. फोन केला तर उत्तर, "मीठ बसलंय, फडक्याने पुसा." पुसून जाईनात. पुढे एकदा वाळूतून स्कूप उचकटताना दांडा नळीच्या तोंडाशी मोडला. तुकडा घरी आणून भिंगाखाली धरला. आतलं लाकूड फिकट पांढरं, तपकिरी रंग नखाच्या जाडीइतकाही आत गेलेला नव्हता. मोडलेल्या जागी दातेरी जोड होता, म्हणजे दोन तुकडे दातात दात घालून चिकटवलेले, आणि फटीत भुसा व गोंद कालवून भरलेला. लाकडाचा धागाही सरळ नव्हता, तिरका जाऊन बाजूने बाहेर पडत होता. तिरक्या धाग्याचा दांडा तिरकाच फाटतो, हे सुताराच्या पोरालाही कळतं. 'स्टीलचा' म्हणून सांगितलेला बोल्ट साधा लोखंडी, वर नुसता मुलामा. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या नळीला टेकलेलं लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं, तसा तो गंजून बारीक झाला होता.

मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दांड्यावर घासला. बोळा तपकिरी झाला. म्हणजे त्याने 'मरीन पॉलिश' म्हणून सांगितलेलं ते साधं चपड्याचं, लाखेचं पॉलिश होतं. कपाटाला ते छान दिसतं, पण पाण्याने पांढरं पडतं आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. ही परीक्षा विकत घेतानाच करता येते, कोपऱ्यात, दुकानदारासमोर. तो आढेवेढे घेऊ लागला तर तेच उत्तर समजा.

जाब विचारायला गेलो तर म्हणतो, "समुद्रात घातलंत तर कुठलंही लाकूड जाणारच." १८१७ साली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेलं एचएमएस ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, हे त्याला सांगून काय उपयोग होता!

आता दांडा धामण या झाडाच्या लाकडाचा, कोरा घेतलेला. धामण लवचिक, कुऱ्हाडीच्या दांड्यांना जुनी माणसं तीच वापरत. बसवण्याआधी तो उन्हाळ्यात चांगला वाळू दिला, कारण पावसाळ्यात फुगलेलं लाकूड नळीत घट्ट बसवलं तर पुढे आकसून खुळखुळतं. पाणी सर्वांत जास्त शिरतं ते टोकाच्या छेदातून आणि बोल्टच्या भोकातून, म्हणून भोकाच्या आत आणि टोकाला इपॉक्सी हा पक्का गोंद लावून ते सुकल्यावरच बोल्ट घातला. बाकी अंगाला अळशीचं डबल बॉइल्ड तेल, पातळ हात, एक वाळला की दुसरा.

या तेलातही लबाडी चालते. सुट्या तेलात खनिज तेल मिसळलेलं असलं तर ते कधी वाळतच नाही, दांडा हाताला चिकट लागत राहतो. काचेवर पातळ थर देऊन ठेवा. चांगल्या तेलाची एखाद-दोन दिवसांत कोरडी साय धरते. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आहे, आणि 'प्युअर सागवान, वॉटरप्रूफ' हे त्याने स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं आहे. मोडलेले दोन्ही तुकडे आणि तो बोल्ट पिशवीत घालून ठेवलेत. तिथे निभलं नाही तर ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. परवा त्याचा निरोप आला की अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या. मी म्हटलं, लेखी दे. त्यावर अजून काही कळवलेलं नाही.