घरातल्या झाडांसाठी आरओचं पाणी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी हे कोणासाठी नाही ते सांगतो. तुमच्या नळाला फक्त धरणाचं पाणी येत असेल आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) मोजणारा मीटर १५० च्या खाली दाखवत असेल, तर झाडांसाठी काहीही विकत घेऊ नका. मुंबईत तानसा-भातसाचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं निव्वळ पालिकेचं पाणी सहसा इतकं मऊ असतं की त्यावर कॅलेथियासारखं नाजूक झाडसुद्धा तक्रार करत नाही. हा अनुभव आहे पुण्याच्या पश्चिमेकडच्या सोसायटीतला. सप्टेंबरात नळाचा टीडीएस ११०, फेब्रुवारीपासून बोअर आणि टँकर मिसळू लागले की ४००, एप्रिलमध्ये ६४०. घरात चाळीसेक कुंड्या, एलईडीखाली लेट्यूसचे दोन ट्रे, आठवड्याला २५ ते ३० लिटर पाणी.

मीटरवरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण झाडाला छळणारी गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर बायकार्बोनेट भरपूर असतं. त्यालाच अल्कलिनिटी म्हणायचं. कुंडीत माती जेमतेम दोन-तीन लिटर. दर पाण्याबरोबर त्यात थोडा चुना पडल्यासारखंच होतं आणि तीन-चार महिन्यांत मातीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर जातो. मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की हेच समजायचं. लोक तेव्हा खत वाढवतात, आणि प्रकरण आणखी बिघडतं.

म्हणून तीनशे रुपयांच्या मीटरइतकंच महत्त्वाचं म्हणजे मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिळणारं केएच, म्हणजे हीच अल्कलिनिटी, मोजायचं थेंबांचं किट. पाच मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे. निळा रंग पिवळा झाला की थांबायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, आणि एक डिग्री म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम. एप्रिलच्या पाण्याला १९ थेंब लागले, म्हणजे ३४०. कुंडीतल्या झाडांना शंभरापर्यंत चालतं, दीडशेच्या वर त्रास सुरू होतो.

यंत्र साधंच आहे, स्पेअर पार्टच्या दुकानातून जोडून घेतलेलं. ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, चुना बसू न देणाऱ्या अँटिस्केलंटची नळी, २४ व्होल्टचा बूस्टर पंप, क्षार अडवणारा ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेन आणि शेवटी वेस्टचं, म्हणजे अडवलेले क्षार घेऊन बाहेर जाणारं, पाणी रोखून धरणारा फ्लो रिस्ट्रिक्टर. यूव्ही नाही, मिनरल कार्ट्रिज नाही, टाकी नाही. पाणी सरळ झाकणाच्या कॅनमध्ये. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही चालतं, पण त्यात टीडीएस कंट्रोलर असेल तर तो स्क्रू किती उघडा आहे ते बघा. तो कच्चं पाणी परत मिसळतो आणि तुमचा मिश्रणाचा हिशेब चुकतो.

७५ जीपीडी म्हणजे २४ तासांत २८४ लिटर, तासाला जवळपास १२. हा आकडा २५ अंश तापमानाच्या पाण्याचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या वेळी तासाला साडेनऊ लिटरच मिळत होतं. तो बिघाड नव्हे, थंड पाणी मेंब्रेनमधून हळू जातं इतकंच. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस एप्रिलमध्येही ३५ च्या आसपास राहिला.

मात्र बंद असलेलं यंत्र सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी १४० दाखवतं. थांबलेल्या काळात क्षार मेंब्रेनच्या पलीकडे हळूहळू झिरपतात. सुरुवातीचे दोन लिटर सरळ फरशी पुसायला. आठवड्यातून एकदाच तीन तास चालवण्यापेक्षा दोनदा दीड तास चालवलेलं बरं, मेंब्रेन फार वेळ साचलेल्या पाण्यात राहत नाही.

मोठी चूक झाली ती फ्लो रिस्ट्रिक्टरमध्ये. वेस्टचं पाणी कमी जावं म्हणून एफआर ३०० बसवला होता, म्हणजे वेस्ट मिनिटाला साधारण ३०० मिली, तासाला १८ लिटर. शंभर लिटरातलं चाळीस लिटर पाणी हाती येतं म्हणून छान वाटलं. पण ४०० टीडीएसचं जड पाणी आत आटत जातं आणि वेस्टच्या टोकाला साडेसहाशेपर्यंत पोचतं. तिथेच चुना बसतो. मार्चअखेर उत्पादन तासाला १२ वरून ८ वर आलं आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस ६० झाला. मेंब्रेन काढल्यावर मागच्या टोकाला बोटाला खरखरीत लागेल असा पांढरा थर होता. लिटरला २० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, विरघळवून हाउसिंगमध्ये अर्धा तास भिजवलं आणि भरपूर पाणी सोडून धुतलं. उत्पादन अकरापर्यंत परत आलं, पूर्ण नाही. त्यानंतर एफआर ४५०. वेस्ट वाढलं, थर थांबला. जड पाणी असेल तर इथे काटकसर करू नका. वेस्ट फ्लशला आणि फरशीला जातं. झाडांना मात्र चुकूनही नाही, ते नळाच्या पाण्यापेक्षा दीडपट खारं असतं.

कार्बन ब्लॉकचं काम मेंब्रेन वाचवण्याचं आहे. क्लोरीनने मेंब्रेनचा पातळ थर कायमचा खराब होतो, आणि तो काही धुऊन निघत नाही. कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकून पिवळा रंग आला तर ब्लॉक त्याच दिवशी बदला. झाडांना स्वतःला नळातल्या क्लोरीनचं फारसं काही होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं म्हटलंय. तेवढ्याने कुंडीतलं झाड मरत नाही. बादली रात्रभर उघडी ठेवा, क्लोरीन उडेल, पण क्षार आणि फ्लोराइड जागच्या जागी राहतील. तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही.

आता मुख्य मुद्दा. निव्वळ आरओचं पाणी झाडांना देऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभर कोकोपीटमधल्या (नारळाच्या काथ्याच्या भुशातल्या) लेट्यूसला आरओचं पाणी आणि १९:१९:१९ खत एवढंच दिलं. तिसऱ्या आठवड्यात आतली कोवळी पानं चुरगळलेली, कडा करपलेल्या. कॅल्शियमची कमतरता. १९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश आहे, कॅल्शियमचा कणही नाही. एरवी ते नळाच्या पाण्यातून फुकट मिळत असतं. त्यात कोकोपीट स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात पालाश आणि सोडियम सोडतं. म्हणजे दोन्हीकडून मार.

उपाय म्हणजे मिश्रण. हिशेब सोपा आहे: हवा असलेला टीडीएस वजा आरओचा, भागिले नळाचा वजा आरओचा. १५० हवे, नळ ६४०, आरओ ३५, तर ११५ भागिले ६०५, म्हणजे ०.१९. दहा लिटरच्या बादलीत दोन लिटर नळाचं, आठ लिटर आरओचं. अल्कलिनिटी सत्तर-पंचाहत्तरवर येते. मार्चच्या ४०० टीडीएसला तीन-सात. टँकर बदलला की प्रमाण बदलतं, म्हणून बादली भरण्याआधी मीटर बुडवायची सवय लागते.

खत अर्ध्या मात्रेत, आलटून पालटून. एका वेळी कॅल्शियम नायट्रेट लिटरला ०.३ ग्रॅम, पुढच्या वेळी १९:१९:१९ अर्धा ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम. तिन्ही कृषी सेवा केंद्रात किलोच्या पाकिटात मिळतात. कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढून चिकट होतं, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. ते बाकी दोघांबरोबर दाट द्रावणात एकत्र केलं तर बादलीच्या तळाला पांढरा साका बसतो, आणि तो साका म्हणजे तुमचं खत. आणखी एक: १९:१९:१९ मधलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया वीज वाहून नेत नाही, मीटरला तो दिसतच नाही. आकडा कमी आला म्हणून खत वाढवू नका, वजन करूनच घाला.

आरओ नको असेल तर लिंबूफुलाचा मार्ग आहे. अल्कलिनिटी ३४० वरून १०० वर आणायला दहा लिटरला सुमारे साडेतीन ग्रॅम. ढवळून अर्धा तास थांबा आणि मग सामू बघा. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर तो थोडा वर चढतो. ६ ते ६.५ पुरे. पाणी त्याच दिवशी वापरा, ठेवलं तर बुळबुळीत होतं. पण टीडीएस यात कमी होत नाही, क्लोराइड आणि सोडियम तसंच राहतं. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी यांना एवढं पुष्कळ झालं. खरं तर या तिघांना कुठल्याही पाण्याने ढिम्म फरक पडला नाही.

सोसायटीत सॉफ्टनर असेल तर त्याच्या आधीचं पाणी घ्या. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो. ३८० मिलिग्रॅम कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियम) काढला की लिटरला १७५ मिलिग्रॅम सोडियम आलंच, आणि टीडीएस मीटर जवळपास तोच आकडा दाखवत राहतो. साबणाला फेस येतो, झाड मात्र हळूहळू जातं.

फरक कुठे दिसला? कॅलेथिया, फर्न आणि पीस लिली यांच्या नवीन पानांत दोन महिन्यांत. स्पायडर प्लांटला तीन लागले. जुनी तपकिरी टोकं भरून येत नाहीत, ती कापा आणि विसरा. मातीच्या कुंड्यांवरचा पांढरा थर नव्याने आला नाही. एप्रिलमध्ये मात्र मिश्रणाच्या पाण्यावरही कॅलेथियाच्या कडा वाळल्या. तो कोरड्या हवेचा दोष, पाण्याचा नाही. कुंड्या पंख्याच्या झोतातून हलवून एकत्र गटात ठेवल्या, तेव्हा नवीन पानं नीट आली. आणि पाणी कितीही चांगलं असो, महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून पाचवा हिस्सा वाहून जाईल इतकं पाणी घालून बशी रिकामी करावीच लागते.

सामू मीटरबद्दल थोडक्यात: ४ आणि ६.८६ सामूचं द्रावण करायच्या पुड्यांनी महिन्यातून एकदा जुळवा, टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. आरओच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं टोक दोन महिन्यांत कामातून जातं. आणि निव्वळ आरओच्या पाण्याचा सामू मोजत बसू नका, इतक्या कमी क्षारांत आकडा नाचत राहतो.

जूनअखेर टँकर थांबले की नळ परत दीडशेच्या खाली येतो. तेव्हा यंत्र बंद, पण मेंब्रेन सुकू द्यायचा नाही. १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात भिजवून घट्ट पिशवीत, सावलीत. परत बसवल्यावर पहिल्या तासाभराचं पाणी टाकून द्यायचं.