फिरते खुराडे : आस वाकल्यानंतर लिहिलेला अनुभव

घरच्या सहा कोंबड्यांसाठी बांधलेले आठ फूट लांब आणि चार फूट रुंद फिरते खुराडे, म्हणजे चाकांवर ओढून रोज ताज्या गवतावर नेता येणारे खुराडे, मी उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत वापरले आहे. बिनतळाची चौकट, एका टोकाला रात्रीची बंद खोली आणि उरलेल्या भागाला जाळी ही रचना वाचकांना ठाऊक असेलच. लिहायला बसले ती चाकांचा आस, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर फिरतात ती सळई, वाकला म्हणून, आणि त्यानंतर चाकांचा संच विकणाऱ्याने जे उत्तर दिले ते अजूनही पटत नाही म्हणून.

लाकूड, पत्रा आणि बिजागऱ्या जुन्या सामानातून निघाल्या. विकत घेतला तो केवळ चाकांचा संच, आणि त्याला बाकी सगळ्या खुराड्यापेक्षा जास्त खर्च आला. त्यात आस म्हणून 12 मिलिमीटरची, या टोकापासून त्या टोकापर्यंत आटे पाडलेली सळई होती. पावसाने मऊ झालेल्या जमिनीवरून ओढताना तिची टोके वर उचलली गेली, चाकांचा वरचा भाग आत झुकला आणि रबर चौकटीच्या लाकडावर घासून तिथे बोटभर खोल खाच पडली. विक्रेत्याचे म्हणणे असे की हा संच सपाट आणि टणक जमिनीसाठीच आहे. खोक्यावर किंवा पावतीवर तसा एकही शब्द नाही. बऱ्याच वादानंतर त्याने तशीच दुसरी सळई पुन्हा पैसे घेऊन देऊ केली, ती मी नाकारली.

नाकारण्यामागे हिशेब होता. सळई कायमची वाकडी होण्याआधी जो भार सोसते, तो तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 12 मिलिमीटरची आटे पाडलेली सळई आट्यांच्या तळाशी मोजली तर जेमतेम 10 मिलिमीटर भरते, म्हणजे त्याच लोखंडाची 20 मिलिमीटरची गुळगुळीत सळई तिच्या आठपट भार पेलते. मी तशी सळई मिळवली, टोकांना भोके पाडून वॉशर आणि स्प्लिट पिन बसवल्या आणि चाके चौकटीच्या शक्य तितकी जवळ आणली, कारण चाक जितके बाहेर लटकते तितका आसावरचा ताण वाढतो. तेव्हापासून आस सरळ आहे. इतके साधे काम संच बनवणाऱ्याला का करता येऊ नये, हा माझा प्रश्न कायम आहे.

आसाबद्दल इतके लिहिण्याचे कारण असे की खुराडे हलवणे अवघड झाले की ते हलवले जात नाही, आणि न हलणारे बिनतळाचे खुराडे पक्क्या खुराड्यापेक्षा वाईट असते. आस वाकलेला असताना खुराडे काही दिवस एकाच जागी राहिले. गवत उकरून संपले, विष्ठा आणि चिखल एकत्र झाले आणि सकाळी दार उघडताच अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबू लागला. रक्ती हगवणीचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि उबदार, ओलसर जागेत एकदोन दिवसांत संसर्ग करण्याजोगे होतात. रोज जागा बदलण्यामागचा मोठा लाभ हाच आहे, आणि तो सर्वस्वी चाकांच्या हाती आहे. अमेरिकेत जोएल सॅलॅटिन या शेतकऱ्याने प्रचलित केलेले 10 बाय 12 फुटांचे पिंजरे कायमच्या चाकांविना, खाली हातगाडी सरकवून ओढले जातात, हे खरे आहे. परंतु ते दोनच फूट उंच आणि मांसाच्या पक्ष्यांसाठी असतात. अंड्यांच्या कोंबड्यांना दांडे, अंडी घालायची पेटी आणि बंद खोली लागते, आणि तेवढ्याने एक टोक जड होतेच.

पहिल्या दोन ऋतूंत मला कोणी विचारले असते तर चौकट जमेल तितकी हलकी करा, असेच मी सांगितले असते. नव्या आसानंतर माझे मत बदलले आहे. जड चौकट जमिनीवर घट्ट बसते, कडेला फट राहत नाही आणि वादळी वाऱ्यात ती उलटण्याची धास्ती राहत नाही. वजन चाकांनी पेलावे, हाताला त्याचा भार जाणवू नये. त्यासाठी मी लांब दांड्याची तरफ बसवली आहे. ती दाबली की चाके खाली येऊन चौकट चार बोटे उचलली जाते आणि सोडली की चौकट पुन्हा जमिनीला टेकते. चाके मात्र रुंद आणि मोठ्या व्यासाची हवीत, अरुंद चाके ओल्या मातीत रुततात.

अनपेक्षित आनंद दिला तो कोंबड्यांनी. तरफेचा आवाज झाला की त्या स्वतःहून पुढच्या जाळीपाशी गोळा होतात आणि खुराड्याबरोबर चालत ताज्या गवतावर येतात. तरीही ओढताना घाई करू नये, कारण मागे रेंगाळणाऱ्या कोंबडीचा पाय मागच्या आडव्या लाकडाखाली सापडू शकतो. आमची खुडूक कोंबडी पेटीतून उठत नाही, तिला बसल्या जागीच घेऊन जावे लागते.

जाळीबद्दल थोडक्यात सांगते. पातळ षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. रात्रीच्या खोलीला अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावावी आणि ती स्टेपलने न ठोकता स्क्रू व वॉशरने आवळावी, कारण रोजच्या हलण्याने स्टेपल सैल होऊन निघतात. स्क्रू मी अधूनमधून आवळते, आसाला ग्रीस लावते, आणि पुढच्या पावसाआधी खालची भिजणारी लाकडे काढून तिथे अॅल्युमिनियमचे अँगल बसवणार आहे.